विश्लेषण : धरणगावची भिल्ल पलटण उभारणारा जेम्स आउट्रम ‘सर’ कसा झाला? काय आहे या बॅरोनेट घराण्याची कहाणी?

कोलकात्याचा आउट्रम घाट आणि सिंगापूरचा आउट्रम रोड ज्याच्या नावाने ओळखले जातात, त्या इंग्रज सेनानीची कारकीर्द खऱ्या अर्थाने घडली ती खान्देशात. आजच्या जळगाव जिल्ह्यातील धरणगाव येथे 1825 मध्ये 22 वर्षांच्या लेफ्टनंट जेम्स आउट्रमने भिल्लांची पलटण उभी केली. पुढे त्याला बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला.

बॅरोनेट म्हणजे काय?

इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने 1611 मध्ये हा किताब सुरू केला. आयर्लंडमधील फौजेसाठी त्याला पैसा हवा होता. 30 शिपायांचा तीन वर्षांचा पगार, म्हणजे 1,095 पौंड भरणाऱ्या खानदानी जमीनदाराला हा किताब मिळे. बॅरोनेटच्या नावामागे ‘सर’ लागते आणि बापानंतर किताब थोरल्या मुलाकडे जातो. मात्र त्याच्यासोबत जमीन किंवा लॉर्डांच्या सभागृहातील जागा मिळत नाही. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर हे वतनाशिवायचे वतनदारपण. सतराव्या शतकात पैसे मोजून मिळणारा हा मान एकोणिसाव्या शतकात लढाईतील कामगिरीसाठीही दिला जाऊ लागला. आउट्रमचा किताब या दुसऱ्या प्रकारातला.

घराणे कुठले?

जेम्सचा जन्म 29 जानेवारी 1803 रोजी इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात, बटर्ली येथे झाला. वडील बेंजामिन आउट्रम नामांकित इंजिनीअर होते. वाफेच्या रेल्वेपूर्वी घोड्यांनी ओढायच्या गाड्यांसाठी ते लोखंडी मार्ग बांधत. ‘ट्राम’ हा शब्द त्यांच्या आडनावावरून आला असे सांगितले जाते, पण तो शब्द त्यांच्या आधीपासून वापरात होता. आई मार्गारेट ही स्कॉटलंडमधील शेतीविषयक लेखक व अर्थतज्ज्ञ डॉ. जेम्स अँडरसन यांची मुलगी.

बेंजामिन 1805 मध्ये अचानक वारले आणि संसार उघड्यावर पडला. कारखान्यात भागीदारी असूनही कुटुंबाच्या हाती फारसे काही लागले नाही. आईने सरकारकडून पेन्शन मिळवले आणि स्कॉटलंडमध्ये मुलांना वाढवले. ॲबर्डीनमध्ये शिकून जेम्स 1819 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा कॅडेट म्हणून मुंबईला आला.

खान्देशात नेमके काय घडले?

धरणगाव इंग्रजांना नवे नव्हते. कापडाच्या व्यापारासाठी 1674 मध्ये त्यांनी येथे वखार घातली आणि पुढच्याच वर्षी मराठा फौजेने हे गाव लुटले. पेशवाई संपल्यावर 1818 मध्ये खान्देशच कंपनीकडे आला. कॅप्टन ब्रिग्जने धुळे हे कारभाराचे ठिकाण केले.

त्या वेळी सातपुडा आणि सातमाळ्यातील भिल्ल हलाखीत होते. घाटांच्या राखणीचे त्यांचे जुने हक्क लढाया, पेंढाऱ्यांची धामधूम आणि दुष्काळात बुडाले होते. कंपनीने फौजा पाठवल्या, पण जंगलातील तापाने शिपाईच गारद होत. अखेर मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या काळात धोरण बदलले. एकीकडे भिल्लांना जमिनी देऊन वसवायचे आणि दुसरीकडे त्यांचीच पलटण उभारायची, असे ठरले. पहिल्या कामासाठी कन्नड येथे एजन्सी आली. दुसरे काम आउट्रमकडे आले.

त्याने आधी डोंगरात घुसून भिल्लांवर छापे घातले. मग पकडलेल्यांच्या ओळखीने तो पहाऱ्याशिवाय नाईकांमध्ये जाऊन राहिला, त्यांच्यासोबत दारू प्यायला, शिकारीला गेला. सुरुवातीला फक्त पाच जण भरतीला तयार झाले. काही वर्षांतच हा आकडा शेकड्यांत गेला. 1830 मध्ये हीच पलटण घेऊन तो डांगच्या मोहिमेवर गेला. 1835 पर्यंत तो खान्देशात होता.

या कामाला दुसरी बाजूही आहे. पलटणीमुळे अनेक कुटुंबांना पगार व प्रतिष्ठा मिळाली, पण भिल्लांना काबूत ठेवायला भिल्लच उभे राहिले. 1857-58 मध्ये खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांनी सातपुड्यात उठाव केला, तेव्हा ही पलटण इंग्रजांच्या बाजूने होती.

वरिष्ठांशी वाद का झाले?

1843 मध्ये सिंध बळकावण्यावरून आउट्रमचे जनरल नेपियरशी बिनसले. हे युद्ध अन्यायाचे आहे असे मानून त्याने लुटीतील आपल्या वाट्याचे सुमारे 3,000 पौंड धर्मादाय कामांना दिले. बडोद्याचा रेसिडेंट असताना त्याने लाचखोरीवर अहवाल लिहिला. आपला ‘खटपट’ हा शब्द त्यामुळे इंग्लंडच्या संसदेच्या कागदपत्रांत पोहोचला. मुंबई सरकारने मात्र 1851 मध्ये त्यालाच पदावरून दूर केले. सिंधसाठी भांडलेल्या याच अधिकाऱ्याच्या हातून 1856 मध्ये अवध खालसा झाले, हा विरोधाभासही विसरता येत नाही.

किताब कधी मिळाला?

सप्टेंबर 1857 मध्ये लखनौच्या रेसिडेन्सीतील इंग्रजांच्या सुटकेसाठी फौज निघाली. आउट्रम हुद्द्याने मोठा होता, तरी त्याने नेतृत्व हॅवलॉककडेच ठेवले आणि स्वतः स्वयंसेवक म्हणून लढला. 1858 मध्ये त्याला बॅरोनेट करण्यात आले. 11 मार्च 1863 रोजी फ्रान्समधील पो येथे त्याचे निधन झाले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्याला पुरण्यात आले.

पुढे घराण्याचे काय झाले?

किताब एकुलता मुलगा फ्रान्सिस याच्याकडे गेला. तो बंगालच्या मुलकी सेवेत होता. नातू जेम्स, म्हणजे तिसरा बॅरोनेट, धर्मगुरू झाला. प्रकृतीमुळे तो कॅनडाला गेला आणि 1901 मध्ये रॉकी पर्वतातील माउंट असिनिबॉइनवर पहिल्यांदा पाय ठेवणाऱ्यांत त्याचा समावेश होता. आजोबांनी सातपुडा पायाखाली घातला होता, नातवाने रॉकी पर्वत. धरणगावची पलटण मात्र पुढे पोलीस दलात विलीन झाली. किताब आउट्रमच्या वंशाला मिळाला. ज्या पाच भिल्लांपासून या कारकिर्दीची सुरुवात झाली, त्यांची नावे लोकांच्या आठवणीत राहिली नाहीत.