शंकर बाळकृष्ण दीक्षित

शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–१८९८) हे भारतीय ज्योतिषशास्त्राचे इतिहासकार, पंचांगसंशोधक व शिक्षक होते. रूढ पंचांगातील गणिताचा आधार बदलावा, असा त्यांचा आग्रह होता. जुन्या कालनिर्देशांसाठी मात्र त्यांनी जुनीच गणितपद्धती सारणीबद्ध करून ठेवली.

जीवन

दीक्षितांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीजवळच्या मुरूड येथे झाला. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिक्षण घेतल्यावर त्यांनी शिक्षण खात्यात नोकरी केली. ठाणे, बार्शी, खानदेशातील धुळे आणि पुणे येथे त्यांनी अध्यापन केले. शिक्षकाची नोकरी सांभाळून ते 'इंडियन अँटिक्वरी'त शोधलेख लिहीत. जॉन फेथफुल फ्लीट यांच्या गुप्त शिलालेखांच्या ग्रंथासाठी (१८८८) लेखांतील तिथींचे गणित त्यांनी करून दिले.

सायन पंचांग

सूर्यसिद्धान्तातील वर्ष ऋतुवर्षाहून सुमारे २४ मिनिटांनी मोठे असल्यामुळे संक्रांती सुमारे ६० वर्षांत एक दिवस ऋतूंच्या मागे पडते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे अंतर सुमारे २२ अंशांवर गेले होते. विसाजी रघुनाथ लेले व जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासह दीक्षितांनी १८८४ पासून सायन पंचांगाचा पुरस्कार केला.

राशिचक्राचा आरंभबिंदू बदलल्याचा परिणाम पंचांगाच्या सर्व रकान्यांवर सारखा होत नाही. तिथी व करण ही चंद्र-सूर्यांच्या भोगांतील अंतरावर अवलंबून असतात. दोन्ही भोग सारखेच सरकत असल्याने ती बदलत नाहीत. वारही तोच राहतो. नक्षत्र मात्र चंद्राच्या भोगाप्रमाणे सरकते आणि योग भोगांच्या बेरजेवर ठरत असल्याने दुप्पट सरकतो. महिन्यांची नावे व अधिकमास संक्रांतींवरून ठरतात. त्यामुळे काही सण महिनाभर अलीकडे येतात. व्रतवैकल्यांशी थेट संबंध असल्याने हा बदल समाजात रुजला नाही.

कालसारण्या

रॉबर्ट स्युएल यांच्यासह दीक्षितांनी लिहिलेला 'द इंडियन कॅलेंडर' हा इंग्रजी ग्रंथ १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील मुख्य सारणीत इ. स. ३०० ते १९०० या काळातील प्रत्येक वर्षासाठी कलियुग, शक, विक्रम संवत, संवत्सर, अधिकमास व वर्षारंभ यांचे रकाने आहेत. प्राचीन काळी अधिकमास मध्यम मानाने, तर पुढे स्पष्ट मानाने धरला जाई. म्हणून एक रीत पुसून दुसरी न लिहिता दोन्हींसाठी वेगळे रकाने ठेवलेले आहेत. सायन मताचे पुरस्कर्ते असूनही दीक्षितांनी येथे सूर्यसिद्धान्ताचे गणित स्वीकारले. कारण जुन्या लेखांतील तिथी जुन्या पंचांगांवरूनच लिहिलेल्या होत्या. चाळीसगावजवळील पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने स्थापलेल्या मठाचा शिलालेख आहे. अशा लेखांतील कालनिर्देश इसवी सनात आणण्यास या सारण्या उपयोगी पडतात.

ग्रंथसंपदा आणि वारसा

'सृष्टचमत्कार', 'ज्योतिर्विलास' व 'भारतीय ज्योतिषशास्त्र' (१८९६) हे त्यांचे प्रमुख मराठी ग्रंथ. शेवटच्या ग्रंथाचे पुढे हिंदी व इंग्रजी अनुवाद झाले. कृत्तिका पूर्वेपासून ढळत नाहीत, या शतपथ ब्राह्मणातील उल्लेखावरून त्यांनी त्या ग्रंथाचा काळ इ. स. पू. सुमारे ३००० ठरवला. त्यावर विद्वानांत दीर्घकाळ वाद झाला. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. २२ मार्च १९५७ पासून अमलात आलेल्या भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिकेत सायन वर्षमान स्वीकारण्यात आले.