वुडस्टॉकचे यजमान मॅक्स यास्गर

१९६९ च्या जुलै महिन्यात अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील बेथेल या छोट्या गावात रस्त्याच्या कडेला एक फलक उभा राहिला. मॅक्स यास्गर यांचे दूध घेऊ नका आणि हिप्पींचा जलसा थांबवा, असे आवाहन त्यावर होते. यास्गर हे त्या परिसरातील, सलिव्हन कौंटीतील, सर्वांत मोठे दूध उत्पादक. आपले शेत त्यांनी एका रॉक संगीत महोत्सवासाठी भाड्याने द्यायचे ठरवले होते, एवढाच त्यांचा अपराध. त्या महोत्सवाचे नाव वुडस्टॉक. ज्या गावावरून ते पडले ते गाव तेथून सुमारे ७० किलोमीटरवर आहे आणि महोत्सव तेथे झालाच नाही.

यास्गर यांचा जन्म १५ डिसेंबर १९१९ रोजी न्यूयॉर्क शहरात, रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबात झाला. आईवडिलांची शेती होती आणि तेथेच ते एक लहानसे हॉटेलही चालवीत. मॅक्स यांनी न्यूयॉर्क विद्यापीठात स्थावर मालमत्तेच्या कायद्याचे शिक्षण घेतले. मात्र वकिली न करता १९४० च्या दशकात ते शेतीकडे वळले. साठच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या गोठ्यात ६५० गायी होत्या, त्यांतील बहुतेक गर्न्सी जातीच्या. राजकीयदृष्ट्या ते रिपब्लिकन पक्षाचे आणि व्हिएतनाम युद्धाचे समर्थक. लांब केस, अमली पदार्थ आणि मुक्त सहजीवन यांचे त्यांना आकर्षण असण्याचे काहीच कारण नव्हते.

नेमक्या याच युद्धाला विरोध करीत अमेरिकी तरुणांची एक पिढी घराबाहेर पडली होती. सक्तीची सैन्यभरती, आईवडिलांची चाकोरीबद्ध नोकरी आणि उपभोगाची हाव हे सारे नाकारणाऱ्या या तरुणांना रॉक संगीताने एक समान भाषा दिली. १९६७ च्या मॉन्टेरी महोत्सवापासून हे मेळावे म्हणजे केवळ गाण्याचा कार्यक्रम उरले नव्हते. आपण किती जण आहोत, हे हिप्पींना येथेच कळत असे. त्यामुळेच आजूबाजूच्या गावांना धडकी भरे. वॉलकिल या गावाने १५ जुलै १९६९ रोजी वुडस्टॉकला परवानगी नाकारली, तेव्हा महोत्सव जेमतेम महिन्यावर आला होता. मायकेल लँग आणि त्यांचे तरुण सहकारी जागेच्या शोधात यास्गर यांच्या दारी पोहोचले ते असे हातघाईवर येऊन.

यास्गर व्यवहारी होते, भाडे त्यांनी रीतसर घेतले. पण तो फलक पाहिल्यावर प्रश्न पैशांचा राहिला नाही. केवळ केसांच्या लांबीवरून कोणाला गावबंदी करावी, हे त्यांच्या न्यायबुद्धीला पटले नाही. मुलांचे विचार मान्य नसले, तरी ते मांडण्याचा त्यांचा हक्क त्यांना मान्य होता.

१५ ऑगस्ट रोजी महोत्सव सुरू झाला. गावाला ५० हजार लोकांची कल्पना देण्यात आली होती. प्रत्यक्षात चार लाखांच्या आसपास आले. कुंपणे कोसळली, तिकिटे निरर्थक ठरली, मैलोन्‌मैल रस्ते तुंबले. पहिल्याच रात्री पंडित रविशंकर पावसात वाजवायला बसले. तबल्यावर उस्ताद अल्लारखा आणि तंबोऱ्यावर माया कुलकर्णी होत्या. चिखल, व्यसने आणि बेफिकिरी यांमुळे हा महोत्सव रविशंकरांना मात्र रुचला नाही, हेही नमूद केले पाहिजे. अमली पदार्थांच्या अतिसेवनाने आणि ट्रॅक्टरखाली सापडून तरुणांचे मृत्यूही झाले. पण एवढ्या गर्दीत, एवढ्या गैरसोयीत दंगल झाली नाही.

काही गावकरी या मुलांना पिण्याचे पाणी विकत आहेत, हे कळताच यास्गर संतापले. आपल्या गोठ्याच्या इमारतीवर त्यांनी फुकट पाण्याची पाटी लावली आणि दुग्धजन्य पदार्थही वाटले. रविवारी, १७ ऑगस्टला हृदयविकाराने त्रस्त असलेले हे ४९ वर्षांचे शेतकरी व्यासपीठावर आले. इतक्या लोकांसमोर बोलण्याची सवय नसल्याची कबुली देत त्यांनी मुलांच्या शांततेची तारीफ केली. हिप्पींच्या त्या सोहळ्यात अशी दाद मिळालेला बिगरहिप्पी क्वचितच दुसरा कोणी असेल.

गावाने मात्र क्षमा केली नाही. गावातल्या दुकानात त्यांचे स्वागत होईनासे झाले. १९७० च्या जानेवारीत शेजाऱ्यांनी मालमत्तेच्या नुकसानीबद्दल त्यांच्यावर दावा लावला. स्वतःच्या शेताच्या हानीपोटी त्यांना ५० हजार डॉलर मिळाले, पण शेत पूर्ववत व्हायला तेवढे पुरेसे नव्हते. पुढच्या वर्षी पुन्हा महोत्सव भरवण्याचा प्रस्ताव आला तेव्हा त्यांनी तो नाकारला. त्यांना आपला दुधाचा धंदा करायचा होता. जमीन दिल्याचा पश्चात्ताप मात्र त्यांना झाला नाही.

१९७१ मध्ये त्यांनी शेत विकले आणि फ्लोरिडा गाठले. तेथील मॅरेथॉन या गावी ९ फेब्रुवारी १९७३ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने वयाच्या ५३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. 'रोलिंग स्टोन' या रॉक संगीताच्या नियतकालिकाने या दूधवाल्या शेतकऱ्यासाठी पानभर मृत्युलेख छापला. ज्या उतारावर ती गर्दी बसली होती, त्याच्या शेजारी २००६ मध्ये बेथेल वुड्स हे कलाकेंद्र उभे राहिले आणि २०१७ मध्ये त्या जागेची ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय सूचीत नोंद झाली.