जॅकी रॉबिन्सन

आपल्याकडे क्रिकेटचे जसे वेड आहे, तसे अमेरिकेत बेसबॉलचे आहे. या खेळात मैदानावर चार ठाणी असतात. त्यांना बेस म्हणतात. चेंडू टोलावून चारही बेसना स्पर्श केला, की एक धाव होते. धावणाऱ्याला बाद करण्यासाठी बेसजवळ चपळ खेळाडू उभे असतात. जॅकी रॉबिन्सन हा असाच एक खेळाडू होता.

जॅकीचा जन्म ३१ जानेवारी १९१९ रोजी जॉर्जिया राज्यातील केरो या गावी एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. तो तान्हा असतानाच वडील घर सोडून गेले. आई मॅली आपल्या पाच मुलांना घेऊन कॅलिफोर्नियातील पॅसाडेना शहरात आली. लोकांच्या घरी धुणी-भांडी करून तिने मुलांना वाढवले. त्या शहरातील पोहण्याच्या तलावात कृष्णवर्णीयांना आठवड्यातून एकच दिवस प्रवेश मिळे. जॅकीचा थोरला भाऊ मॅक याने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये २०० मीटर धावण्याच्या शर्यतीत रौप्यपदक मिळवले. पण परत आल्यावर त्याला रस्ते झाडण्याचे काम करावे लागले.

१९३९ साली जॅकी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात दाखल झाला. तेथे तो फुटबॉल, बास्केटबॉल, मैदानी खेळ आणि बेसबॉल असे चार खेळ खेळला. गंमत म्हणजे या चारांत बेसबॉल हाच त्याचा सर्वांत कच्चा खेळ होता. शंभर वेळा बॅट हाती घेतली, तर दहा वेळाही त्याला नीट टोला मारता येत नसे! लांब उडीत मात्र तो सर्व विद्यापीठांत पहिला आला. आईचे कष्ट त्याला पाहवेनात, म्हणून १९४१ साली त्याने पदवी न घेताच शिक्षण सोडले.

पुढे तो सैन्यात अधिकारी झाला. १९४४ साली बसच्या चालकाने त्याला मागे जाऊन बसण्यास सांगितले. जॅकी जागचा हलला नाही. त्याच्यावर लष्करी खटला भरण्यात आला. पण तो निर्दोष सुटला.

त्या काळी अमेरिकेतील मोठ्या बेसबॉल संघांत फक्त गोरे खेळाडू असत. कृष्णवर्णीयांचे संघ वेगळे होते. ब्रुकलिन डॉजर्स या संघाचे प्रमुख ब्रँच रिकी यांना ही रीत मोडायची होती. ऑगस्ट १९४५ मध्ये त्यांनी जॅकीला बोलावले आणि एक अट घातली. कोणी कितीही अपमान केला, तरी पहिली काही वर्षे उलट उत्तर द्यायचे नाही. अन्यायापुढे गप्प न बसणाऱ्या जॅकीसाठी ही अट फार कठीण होती. तरीही ती त्याने मान्य केली.

१५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी डॉजर्सकडून पहिला सामना खेळला. काही सोबत्यांनाही तो संघात नको होता. फिलाडेल्फियाच्या संघाने त्याला भर मैदानात शिव्या दिल्या. ठार मारण्याच्या धमक्यांची पत्रे आली. जॅकी तोंडाने काही बोलला नाही. तो खेळत राहिला. चेंडू फेकणाऱ्याची नजर चुकवून पुढच्या बेसवर धावत जाण्यात तो पटाईत होता. त्या वर्षी त्याने असे २९ बेस मिळवले. उत्तम नवोदित खेळाडूचा पुरस्कारही त्यालाच मिळाला.

१९४९ साली त्याच्यावरचे बंधन संपले आणि त्याच वर्षी तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आता तो पंचांशी वाद घाली, अपमान झाला तर तेथल्या तेथे उत्तर देई. कालपर्यंत त्याची स्तुती करणाऱ्या काहींना तो आता भांडखोर वाटू लागला. १९५५ साली डॉजर्सने प्रथमच विश्वमालिका जिंकली. त्यानंतर वर्षभराने जॅकीने खेळणे सोडले.

ऑक्टोबर १९७२ मध्ये विश्वमालिकेच्या वेळी त्याचा सत्कार झाला. मधुमेहाने त्याची दृष्टी अधू झाली होती. एखाद्या संघाचा मॅनेजर म्हणून कृष्णवर्णीय माणूस दिसावा, अशी इच्छा त्याने तेथे बोलून दाखवली. पुढे नऊ दिवसांनी, २४ ऑक्टोबरला, तो वारला. १९७५ साली फ्रँक रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू क्लीव्हलंडच्या संघाचा मॅनेजर झाला.