वकील ॲव्होगाड्रो

शेगावात पंगतीला किती जण जेवले, हे आमचे आचारी माणसे न मोजता संपलेल्या तांदळाच्या वजनावरून सांगतात. कला शाखेत असूनही ‘मोल’ मला तसाच कळला : १८ ग्रॅम पाणी तोलले, की त्यात ६ वर २३ शून्ये इतके रेणू! या हिशेबाचे मूळ आमेदेओ ॲव्होगाड्रो. १७७६ साली तुरीनला जन्मलेले हे गृहस्थ शिक्षणाने चक्क वकील. तापमान व दाब सारखे असता सर्व वायूंच्या समान आकारमानात रेणू समानच असतात, असे त्यांनी १८११ मध्ये मांडले. म्हणजे वायू तोलावेत आणि रेणूंच्या वजनांचे प्रमाण काढावे. रसायनशास्त्रज्ञांनी फारशी दखल घेतली नाही. १८५६ मध्ये ते वारले. १८६० च्या कार्ल्सरूहे परिषदेत कान्निझारोंनी त्यांची बाजू लढवली, तेव्हा कुठे दावा तडीस लागू लागला. ती प्रचंड संख्या त्यांनी स्वतः कधी काढलीच नव्हती. तिला त्यांचे नाव १९०९ मध्ये पेरँ यांनी दिले.