चुकणाऱ्या सुट्या भागांचे गणित

हरसूलला बाजाराच्या दिवशी ओपीडीत गर्दी असते. डोंगर उतरून पायी आलेल्या आजींचा रक्तदाब पहिल्यांदा 170 भरतो. त्यांना पाच मिनिटे बसवून पुन्हा मोजतो, मग तिसऱ्यांदा. एका आकड्यावर गोळी सुरू करायची नाही. मोजमाप चुकणार हे धरूनच भरवशाचे उत्तर काढायचे असते. यंत्रांच्या बाबतीत हे गणित मांडणारे जॉन फॉन नॉयमन मला म्हणूनच जवळचे वाटतात.

28 डिसेंबर 1903 रोजी बुडापेस्टमध्ये एका बँकरच्या घरी ते जन्मले. 1932 मध्ये त्यांचा क्वांटम यामिकीच्या गणिती पायावरचा ग्रंथ आला. सूक्ष्म कणाचे मोजमाप केले की त्याची अवस्थाच बदलते, या विचित्र गोष्टीला त्यांनी काटेकोर रूप दिले. तोवर ते अमेरिकेत प्रिन्स्टनला पोचले होते. युद्धकाळात अणुबॉम्बच्या आकडेमोडीतही त्यांचा मोठा वाटा होता; डॉक्टर म्हणून ते नजरेआड करता येत नाही.

त्या काळच्या 'एनिॲक' संगणकात सुमारे 18 हजार निर्वात नळ्या होत्या. एक जळाली तरी हिशेब बिघडे. उलट आपल्या मेंदूत पेशी चुकतात, मरतात, तरी माणूस घरचा रस्ता विसरत नाही. हे कसे? जानेवारी 1952 मध्ये कॅलिफोर्नियातील व्याख्यानांत त्यांनी उत्तर मांडले. एका तारेऐवजी तारांचा जुडगा घ्यायचा आणि प्रत्येक टप्प्यावर बहुमत घ्यायचे. खरी अडचण अशी, की बहुमत मोजणारा भागही चुकतो! तरीही प्रत्येक भागाची चूक साधारण 0.7 टक्क्यांच्या खाली असेल, तर जुडगा वाढवून सबंध यंत्र हवे तितके भरवशाचे करता येते, हे त्यांनी दाखवले.

1955 मध्ये त्यांना कर्करोगाचे निदान झाले. 8 फेब्रुवारी 1957 रोजी, वयाच्या 53 व्या वर्षी ते गेले. संगणक आणि मेंदू यांची तुलना करणारी व्याख्याने अपुरीच राहिली. प्रिन्स्टनमधील त्यांच्या यंत्राच्या धर्तीवर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' उभा राहिला. याच संस्थेत आता क्वांटम संगणकाचे क्युबिट घडवले जातात.

क्युबिट फार चुकतात आणि तपासायला जावे तर बिघडतात. म्हणजे 1932 चे गणित 1952 च्या उपायाच्या आड येते. 1995 मध्ये पीटर शोर यांनी वाट काढली. सोप्या रूपात सांगायचे, तर तीन क्युबिट घ्या. कोणाचीही किंमत विचारू नका. पहिला-दुसरा सारखे आहेत का, दुसरा-तिसरा सारखे आहेत का, एवढेच विचारा. पहिली जोडी वेगळी आणि दुसरी सारखी निघाली, तर पहिला उलटला आहे. किंमत न कळताच दुरुस्ती होते. शोर यांना प्रत्यक्षात नऊ क्युबिट लागले, कारण क्युबिट दोन तऱ्हांनी चुकतो.

इथेही मर्यादारेषा आहेच. भाग तिच्याहून वाईट असतील, तर जुडगा वाढवल्याने चुकाच वाढतात. 2024 मध्ये गूगलच्या 'विलो' चिपवर जाळी 3×3 वरून 5×5, मग 7×7 केली. दर पायरीला चूक निम्म्याहून थोडी कमी झाली. सर्वांत मोठ्या जाळीत अजूनही सुमारे 700 फेऱ्यांमागे एक चूक उरते. उपयोगी आकडेमोडीला अशा कोट्यवधी फेऱ्या लागतील.