आयडा कॅनन : तोच रुग्ण पुन्हा का येतो?



फ्लोरेन्स नाइटिंगेल यांची गोष्ट आपण मुलांना आवर्जून सांगतो. आज त्याच वाटेवर पुढे चाललेल्या एका बाईंची ओळख करून घेऊया. त्यांचं नाव आयडा मॉड कॅनन. रुग्णालयातल्या समाजकार्याचा इतिहास त्यांच्याशिवाय सांगताच येत नाही.

आयडा यांचा जन्म 29 जून 1877 रोजी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरात झाला. आई लहानपणीच गेली. मोठे भाऊ वॉल्टर कॅनन पुढे हार्वर्ड विद्यापीठात शरीरशास्त्राचे नामांकित प्राध्यापक झाले. संकट समोर आलं की शरीर लढायला किंवा पळायला कसं तयार होतं, हे सांगणारे ते हेच.

आयडा यांनी सेंट पॉल शहरात परिचारिकेचं शिक्षण घेतलं. पुढे मिनेसोटा विद्यापीठात शिकत असताना जेन ॲडम्स यांचं व्याख्यान त्यांच्या कानावर पडलं. ॲडम्स शिकागोच्या गरीब वस्तीत राहून काम करायच्या. त्यानंतर आयडा सेंट पॉलमध्ये घरोघरी जाऊन रुग्ण पाहणारी परिचारिका म्हणून काम करू लागल्या. खाटेवरचा रुग्ण आणि घरातला रुग्ण यांत किती फरक असतो, हे त्यांना तिथे दिसलं. म्हणूनच 1906 मध्ये त्या समाजकार्य शिकायला बोस्टनला आल्या.

आता त्या वेळच्या रुग्णालयांची स्थिती बघा. बाह्यरुग्ण विभागात ही गर्दी! डॉक्टरांना एकेका रुग्णासाठी मिळणार काही मिनिटं. पुन्हा पुन्हा येणाऱ्या रुग्णाकडे संशयानेच बघायचे. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात 1895 मध्ये मेरी स्टुअर्ट यांची नेमणूक झाली, तीही मुख्यतः ऐपत असताना फुकट उपचार कोण घेतंय हे तपासायला. पण चौकशी करता करता त्या गरजूंना मदतही मिळवून देऊ लागल्या.

बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात डॉ. रिचर्ड कॅबट यांना वेगळाच प्रश्न पडला होता. क्षयाच्या रुग्णाला विश्रांती घ्या म्हणायचं, पण कामावर गेला नाही तर घरात चूल पेटणार नाही. सकस आहार लिहून द्यायचा, पण दूध आणायला पैसे कुठले? मग रुग्ण पुन्हा तीच तक्रार घेऊन दारात उभा! निदान बरोबर, औषध बरोबर, तरी उपचार वाया. म्हणून 1905 मध्ये त्यांनी तिथे समाजसेवेचं काम सुरू केलं. पहिल्या कार्यकर्त्या होत्या गार्नेट पेल्टन. काही महिन्यांतच त्यांना स्वतःलाच क्षय झाला आणि काम सोडावं लागलं. पुढे ही धुरा आयडा यांच्याकडे आली.

सुरुवातीला काय होतं त्यांच्याकडे? बाह्यरुग्ण विभागातल्या एका कोपऱ्यातली बसायची जागा. रुग्णालयाच्या अधिकृत रचनेत या कामाला स्थान नव्हतं, खर्च कॅबट आणि देणगीदार उचलायचे. आंतररुग्णांच्या वॉर्डात प्रवेशसुद्धा नंतर मिळाला. काही डॉक्टरांना हे लुडबुड केल्यासारखं वाटे. आयडा यांनी भांडण मांडलं नाही, काम दाखवलं. रुग्णाच्या घरी जायचं, खोलीत हवा-उजेड आहे का, घरात कोण कमावतं, कोण दारू पितं, आजाऱ्याजवळ कोण बसतं हे समजून घ्यायचं. ते डॉक्टरांपर्यंत पोहोचवायचं आणि डॉक्टरांचं म्हणणं रुग्णाला त्याच्या भाषेत समजावायचं. आणि शहरातली कुठली संस्था कोणती मदत देऊ शकते, ती जोडून द्यायची.

1913 मध्ये त्यांनी या कामावर पुस्तक लिहिलं. 1918 मध्ये अमेरिकेत रुग्णालयीन समाजकार्यकर्त्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, तिच्या स्थापनेत त्यांचा मोठा वाटा होता. 1919 मध्ये रुग्णालयाने हा विभाग अधिकृतपणे आपला मानला. 1945 मध्ये त्या निवृत्त झाल्या, तोवर देशभरच्या रुग्णालयांत असे विभाग सुरू झाले होते. 1960 मध्ये त्यांचं निधन झालं.

आपल्याकडे 1946 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात पहिल्या वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची नेमणूक झाली. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक अशी पाटी तुम्ही पाहिली असेल. पाटी दिसते, पण त्या दारात जाऊन मदत मागायची असते हे अनेकांना माहीतच नसतं. पालकहो, हे जरूर लक्षात ठेवा.

आज हाच प्रश्न अपघात विभागात, म्हणजे कॅज्युअल्टीत दिसतो. एकच व्यक्ती महिन्यात कितीदा तरी येते. कधी धाप लागते, कधी साखर वाढते, कधी छातीत धडधडतं. मुळाशी गेलं तर कुणाचं औषध संपलेलं असतं, कुणी व्यसनात अडकलेलं, कुणी घरात एकटंच. परदेशात अनेक रुग्णालयांत अशा रुग्णांसाठी समाजकार्यकर्ते, डॉक्टर आणि परिचारिका एकत्र बसून प्रत्येकाची वेगळी योजना करतात. हेलपाटे नेहमी थांबतातच असं नाही, पण त्या माणसाला निदान आपलं कुणीतरी मिळतं. यात एक पथ्य मात्र आहे. पुन्हा आला म्हणून तपासणी टाळायची नाही, कारण या वेळी खरंच गंभीर काही असू शकतं.

शिक्षक म्हणून यात आपलं काय? आयडा बोस्टनला आल्या त्याच सुमारास, 1906-07 मध्ये, न्यूयॉर्क, बोस्टन आणि हार्टफर्ड इथे विद्यार्थ्यांच्या घरी जाणाऱ्या शिक्षिकांचं काम सुरू झालं. शाळेतली अडचण घरापर्यंत जाऊन समजून घ्यायची, हाच त्यामागचा विचार.

आपल्या वर्गातही रोज पोट दुखतंय म्हणणारं एखादं मूल असतं. दर सोमवारी गैरहजर असणारं असतं. नाटकी, आळशी असे शिक्के मारणं सोपं असतं. आधी डॉक्टरांना दाखवूया. आणि मग त्याच्या घरी एक चक्कर मारूया. सकाळी ते काही खाऊन येतं का, रात्री घरात काय चालतं, शाळेत कुणाची भीती वाटते का, हे विचारूया. उत्तर कदाचित पोटात नसेलच.