लोहाराचा मुलगा मायकेल

गरिबीतून वर आलेल्या थोर पुरुषांच्या कथा आपण मुलांना आवडीने सांगतो. सांगताना नकळत असेही सुचवितो की, अंगी हुशारी असली म्हणजे पैशावाचून कोणाचे अडत नाही. मायकेल फॅरडे यांचे चरित्र मात्र सावकाश वाचावे.

२२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनच्या दक्षिणेस एका लोहाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडील जेम्स यांची प्रकृती नाजूक, त्यामुळे मिळकत तुटपुंजी. १८०१ च्या महागाईत या बालकाला आठवडाभर पुरविण्यासाठी एकच पाव मिळे. शाळेत लिहिणे, वाचणे व थोडेसे अंकगणित एवढेच पदरी पडले. तेराव्या वर्षी तो जॉर्ज रीबो या पुस्तकविक्रेत्याकडे कामाला लागला.

यापुढील घटना नीट पाहा. धंदा शिकू इच्छिणाऱ्या मुलाच्या पालकांनी मालकाला रक्कम द्यावी, अशी तेव्हा रीत होती. रीबो यांनी मायकेलचा प्रामाणिकपणा पाहून ती घेतली नाही. बांधणीस आलेली पुस्तके तो वाचीत असे, त्यासही त्यांनी हरकत घेतली नाही. पुढे विज्ञानाची व्याख्याने ऐकावयाची, तर प्रत्येकी एक शिलिंग हवा; तो थोरला भाऊ रॉबर्ट आपल्या लोहारकामाच्या कमाईतून देई. १८१२ साली विल्यम डान्स या गिऱ्हाइकाने हंफ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. मायकेलने टिपणे काढून, स्वहस्ते बांधून ती डेव्ही यांना पाठविली. आणि १ मार्च १८१३ रोजी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आठवड्याला २५ शिलिंगांवर साहाय्यक म्हणून त्याची नेमणूक झाली. याच फॅरडे यांनी १८३१ साली चुंबकापासून वीज निर्माण करून दाखविली.

तरीही गरिबीने आपली किंमत वसूल केलीच. उच्च गणित त्यांना कधीच शिकता आले नाही. त्यांच्या कल्पनांना गणिताचे रूप दिले ते जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी. ते स्कॉटलंडमधील जमीनदाराचे पुत्र. एडिंबरो व केंब्रिज येथे त्यांचे शिक्षण झाले. बुद्धी दोघांनाही देवाने दिली होती. शिकण्याची वर्षे मात्र एकालाच घरातून मिळाली.

फॅरडे आपल्या छोट्याशा सँडेमनियन मंडळीचे वडील होते. सरदारकीचा मान त्यांनी नाकारला. पण १८२७ ते १८६० या काळात मुलांसाठी नाताळातील व्याख्यानमाला १९ वेळा दिली. २५ ऑगस्ट १८६७ रोजी ते निवर्तले.

वाचकहो, रीबो, रॉबर्ट व डान्स यांच्यापैकी एक जरी नसता, तर हा तालंत जमिनीत पुरलेलाच राहिला असता. असे किती मायकेल पुरले गेले, याची नोंद कोठेच नाही. आपल्या मंडळीत या वर्षी कोणाची फी थकली आहे, कोणाला पुस्तके नाहीत, कोणाच्या घरी अभ्यासाला दिव्याखाली जागा नाही, याची चौकशी आपण करू या. आपल्याकडून मागितले जाईल ते कदाचित एका तिकिटाएवढेच असेल.